तान्ह्याची कावीळ आणि लंगोटाचा रंग

नांदेड जिल्ह्यातील उमरीहून एका आजीबाईंचे पत्र गेल्या महिन्यात या सदराकडे आले. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली आहे. नात एकेचाळीस दिवसांची झाली. अंगावर छान पिते, वजनही धरू लागली आहे. परंतु डोळ्यांतील पिवळेपणा काही उतरत नाही. घरात अर्थातच मते अनेक. धाकट्या जाऊबाई म्हणतात, सकाळचे कोवळे ऊन कमी पडते. विहीणबाईंचा निरोप असा की, बाळंतिणीने हळद आणि पिवळे वरण वर्ज्य करावे. गावात कावीळ उतरविणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे न्यावे असाही एक पक्ष आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, सही करता करता आठवले म्हणून लिहिल्यासारखे एक वाक्य आहे : ‘शी अलीकडे पांढुरकी होते, ती दुधाने होत असावी.’

एरवी पत्रांची उत्तरे या पानावरूनच दिली जातात. हे पत्र पुढील अंकाची वाट पाहण्याजोगे नव्हते. त्याचे उत्तर त्याच दिवशी फोनवरून कळविले. मुलीला उद्या सकाळी नांदेडला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ तपासावयास सांगावे. आजचा लंगोट न धुता बरोबर घ्यावा. आणि पत्रातले शेवटचे वाक्य डॉक्टरांस पहिले सांगावे. इतकी घाई कशासाठी, याचा खुलासा सर्वच वाचकांपुढे करणे अवश्य वाटल्यावरून या महिन्याचे सदर त्या एकाच विषयास दिले आहे.

नवजात बालकास थोडी कावीळ होणे ही नित्याची गोष्ट होय. पूर्ण दिवसांच्या दहा बालकांपैकी सुमारे सहांचे अंग पहिल्या आठवड्यात पिवळसर दिसते. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी फुटल्या म्हणजे त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते. यकृत ते द्रव्य धरून पाण्यात विरघळेल असे करते आणि पित्ताबरोबर आतड्यात सोडून देते. नवजात बालकाचे यकृत या कामास नवखे असते, म्हणून चार दिवस द्रव्य साचते व अंग पिवळे होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेली ही कावीळ दोन आठवड्यांत बहुधा ओसरते. अंगावर पिणाऱ्या काही बालकांत ती महिना-दोन महिनेही रेंगाळते, आणि तिच्यापासून अपाय होत नाही. आजीबाईंनी स्वतःच्या मुलांत आणि पुतण्यांत जी कावीळ पाहिली व जी आपोआप गेली, ती बहुतेक हीच.

परंतु कावीळ दोन प्रकारची असते, आणि कातडीवर दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात. पहिल्या प्रकारात यकृताने द्रव्य अद्याप हाती घेतलेलेच नसते. दुसऱ्या प्रकारात यकृताने आपले काम चोख केलेले असते, पित्त तयार असते, परंतु त्याला आतड्याकडे जाण्याची वाट नसते. मोट चालू आहे, पाणी थारोळ्यात पडते आहे, पण पाटच बुजलेला; मग पाणी मळ्यात न जाता विहिरीच्या काठालाच चिखल करते, तशी ही स्थिती आहे. बालकाच्या यकृताबाहेरील पित्तनलिका सुजून, आकसून बंद होतात, त्या रोगास डॉक्टर लोक ‘बिलिअरी अट्रीशिया’ म्हणतात. आपण त्यास पित्तनलिकारोध म्हणू. हा रोग विरळा आहे. युरोपात पंधरा ते वीस हजार बालकांत एखाद्यास होतो, तैवानात त्याहून पुष्कळ अधिक आढळतो. मुलग्यांपेक्षा मुलींत तो किंचित जास्त. विरळा असला तरी त्याच्या वाटेला गेलेल्या बालकास दुसरी सवड मिळत नाही. अडलेले पित्त यकृताचीच नासाडी करू लागते, आणि काहीच उपचार न झाल्यास अशी बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात.

आता लंगोटाकडे वळू. कारण या रोगाच्या निदानाची पहिली पायरी रुग्णालयात नाही, घरच्या मोरीत आहे. शीला जो पिवळा, हिरवा किंवा तपकिरी रंग असतो तो पित्ताचा असतो. जन्मानंतर दोन-तीन दिवस शी डांबरासारखी काळपट हिरवी असते; पुढे अंगावर पिणाऱ्या बालकाची शी मुगाच्या वरणासारखी पिवळी व पातळ होते. ती हिरवी झाली तर आयाबायांचा जीव घाबरा होतो, पण हिरव्या रंगाने घाबरण्याचे कारण नाही. हिरवा रंगही पित्ताचाच. घाबरण्याचा रंग निराळा. गणपतीच्या शाडूसारखा, चुनखडीसारखा, फिकट लोण्यासारखा किंवा राखेसारखा रंग दिसला की आतड्यात पित्त पोहोचत नाही असे समजावे. दूध प्याल्याने शी पांढरी होत नाही. तसे असते तर घरोघरच्या सर्वच तान्ह्यांची शी पांढरी झाली असती.

यात दोन फसवणुकी आहेत. एक अशी की, हा रोग असूनही पहिले काही दिवस शीला रंग असतो, आणि तो हळूहळू फिका होत जातो. ज्या दिवशी पाहिले त्या दिवशी ‘जरा फिकी आहे खरी’ एवढेच वाटते. दुसरी अशी की, बालक फार पिवळे असले तर लघवीने व आतड्याच्या झडलेल्या पेशींनी पांढऱ्या शीवरही वरवर पिवळी झाक चढते. काडीने फोडून पाहिले म्हणजे आतला खरा रंग दिसतो. लघवीचेही तसेच. तान्ह्याची लघवी पाण्यासारखी असावी. लंगोटावर तिचा गडद पिवळा डाग पडू लागला तर पित्ताचे द्रव्य त्या वाटेने बाहेर पडत आहे. पिवळे डोळे, फिकी शी आणि डाग पाडणारी लघवी ही तीन एकत्र आली की मग ऊन, हळद व पथ्य यांची चर्चा थांबवावी.

एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ, मग ही गोष्ट नजरेतून सुटते कशी? माणसे पुष्कळ म्हणूनच सुटते. सकाळचा लंगोट आजी बदलते, दुपारचा मावशी, रात्रीचा बाळंतीण. कालच्या रंगाची आजच्या रंगाशी तुलना करणारे एकच डोळे नसतात. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली पांढरेही पिवळे दिसते, म्हणून रंग नेहमी दिवसाउजेडी, खिडकीपाशी पाहावा. आणि पूर्वी लंगोट हाताने धुतला जाई, आता डायपर गुंडाळून केरात जातो. सोय झाली, पण पाहणे गेले. तथापि सर्वांत मोठी भूल घालते ते बालकाचे रूप. पहिले दोन महिने असे बालक अगदी गुटगुटीत दिसते, पिते, खेळते, हसते. पोटाला तडस लागून यकृत हाताला कठीण लागू लागेपर्यंत ‘आजारी’ हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. आणि तोपर्यंत शस्त्रक्रियेचा उत्तम काळ निघून गेलेला असतो.

जपानातील तोचिगी प्रांतात १९९४ साली बाळंतिणींच्या हाती शीच्या रंगांचे चित्रपत्रक देण्यास आरंभ झाला. आईने लंगोट शेजारी धरून रंग जुळवावा व कळवावा, इतकेच. तैवानने ती कल्पना उचलून २००४ साली सर्व देशभर लागू केली, आणि साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बालकांचे प्रमाण तेथे वाढले. कागदाच्या एका चिटोऱ्याने एवढे केले. असे पत्रक हाती नसले तरी आपल्या घरी शाडू आणि मुगाचे वरण सर्वांनी पाहिलेले आहे.

दिवस मोजण्याची सोयही आपल्या घरात आधीचीच आहे. पाचवी पुजली जाते, बाराव्या दिवशी बारसे होते. बारशाला जमलेल्या वडीलधाऱ्यांनी नाव ठेवून झाल्यावर मुलाचे डोळे उजेडात पाहावेत. चौदा दिवस उलटूनही पिवळेपणा असेल तर रक्ततपासणी करावी. मूल अंगावर पिणारे, तरतरीत, पिवळ्या शीचे आणि स्वच्छ लघवीचे असेल तर आणखी आठवडाभर थांबण्यास डॉक्टर हरकत घेत नाहीत, परंतु तो निर्णय त्यांचा असावा. आशा कार्यकर्ती सरकारी योजनेप्रमाणे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. या गृहभेटींच्या पद्धतीचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केलेल्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली ती पद्धत देशभर घेण्यात आली. सुशिक्षित घरांत आशाताईंस ओसरीवरूनच चहा देऊन परत पाठविण्याची रीत दिसते, ती बरी नव्हे. चौदाव्या दिवशी त्यांना लंगोट दाखवावा. दीड महिन्याची लस टोचावयास नेतात तेव्हाही कावीळ असेल तर ती गोष्ट लस देणाऱ्यांस स्पष्ट बोलून दाखवावी. वाट पाहण्याच्या दृष्टीने तो मुक्काम शेवटचा होय.

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी बाळंत होते व तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात मुलाला घेऊन सासरी जाते, ही रीत या रोगाच्या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. ज्या साठ दिवसांत सर्व काही ठरावयाचे ते दिवस माहेरचे. आणि खर्चाचा, प्रवासाचा, शस्त्रक्रियेचा शब्द मात्र सासरहून यावयाचा. ‘जावई रविवारी येणार आहेत, मग पाहू’ या वाक्यात आठवडा जातो. रक्त तपासण्यास कोणाच्या संमतीची वाट पाहू नये.

तपासणीच्या कागदावर काय पाहावे, तेही सांगून ठेवतो. पुष्कळदा केवळ एकूण बिलिरुबिन तपासले जाते. पूर्वी चौदा होते, आता नवावर आले, म्हणजे उतरत आहे, असे समाधान घरी होते. पित्तनलिका बुजलेल्या बालकाचा एकूण आकडा असाच मध्यम असतो. त्यातील ‘डायरेक्ट’ भाग किती हा प्रश्न आहे. तो शंभर मिलिलिटर रक्तद्रवामागे एक मिलिग्रॅमहून अधिक निघाला तर ती साधी कावीळ नव्हे. ऊन असो की रुग्णालयातील निळा दिवा, या दुसऱ्या काविळीवर त्याचा उपयोग नाही; उलट निळ्या प्रकाशाने अशा बालकाचे अंग तांब्यासारखे काळपट होते.

डायरेक्ट भाग वाढला म्हणजे पित्तनलिकाच बुजल्या असेही नव्हे. रक्तातील जंतुदोष, गर्भातच झालेला विषाणूंचा संसर्ग, कंठातील थायरॉइड ग्रंथीची मंदता, दुधातील साखर न पचण्याचा गॅलॅक्टोसिमिया, पित्तनलिकेवर आलेला फुगा, अशी पुष्कळ कारणे संभवतात. काहींना औषध पुरते, काहींत दूध बदलावे लागते. म्हणून डॉक्टर एकामागून एक तपासण्या सांगतात, त्याला घरच्यांनी ‘नुसते फिरवतात’ असे म्हणू नये. बालकास सुमारे चार तास उपाशी ठेवून सोनोग्राफी करतात. उपाशी असता पित्ताशय भरलेले दिसावे, ते बारीक, वेडेवाकडे किंवा मुळीच दिसले नाही तर संशय बळावतो. ‘हायडा’ नावाच्या तपासणीत शिरेवाटे दिलेले द्रव्य चोवीस तासांत आतड्यात उतरते की नाही ते पाहतात. उतरले तर वाट मोकळी. न उतरले तरी रोग सिद्ध होत नाही, कारण आजारी यकृतही ते सोडीत नाही. शिवाय तिच्याआधी पाच दिवस औषध देण्याचा प्रघात आहे, आणि पन्नास दिवसांच्या बालकास ते पाच दिवस महाग पडतात. सुईने यकृताचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे त्याहून भरवशाचे. अखेरचा निर्णय मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लागतो. पित्ताशयात रंगद्रव्य सोडून क्ष-किरणाने छायाचित्र घेतात. द्रव्य यकृतात आणि आतड्यात पसरले तर पोट शिवून टाकतात; न पसरले तर त्याच बैठकीत पुढील शस्त्रक्रिया होते.

ती पुढील शस्त्रक्रिया जपानातील सेंदाईचे शस्त्रवैद्य मोरिओ कासाई यांची. ग्लासगोच्या जॉन बर्न्स यांनी १८१७ साली अशा काविळीचे वर्णन केले होते, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे रोग माहीत, उपाय नाही, अशीच स्थिती होती. १९२८ साली बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी, नलिकेचा थोडा भाग मोकळा उरलेल्या काही बालकांत तो आतड्यास जोडून यश मिळविले. परंतु बहुतेकांत जोडण्यास काही उरलेलेच नसे, आणि शस्त्रवैद्य पोट उघडून पुन्हा मिटीत. १९५५ साली कासाई यांच्यापुढे बहात्तर दिवसांचे असे एक बालक आले. यकृताच्या मुखाशी रक्तस्राव होऊ लागला तेव्हा तो थांबविण्यास त्यांनी आतड्याचा भाग तेथे लावून टाकला, आणि पुढे त्या बालकाची शी पिवळी होऊ लागली, असे सांगतात. वाळलेल्या दोरीसारख्या त्या नलिकांच्या मुळाशी डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वाटा शिल्लक असतात, हे त्यावरून उमगले. आज ती दोरी यकृताच्या मुखापर्यंत कापून काढतात व आतड्याचा एक वेटोळा वर आणून तेथे शिवतात. परंतु त्या सूक्ष्म वाटाही दिवसेंदिवस बुजत असतात. साठ दिवसांच्या आत, शक्य तर त्याहूनही लवकर, असा आग्रह त्यासाठी आहे. तीन महिन्यांनंतर पित्त वाहू लागण्याची आशा बरीच मंदावते.

आता अपवादाचा शब्द. मूल असे निपजले की सुनेच्या वाट्यास प्रश्न येतात : ग्रहणात काही चिरले का, आंबट फार खाल्ले का, डोहाळ्यांत काय मागितले. या रोगाचे मूळ कारण शास्त्राला अद्याप पुरते उलगडलेले नाही. परंतु मातेच्या खाण्यापिण्याने, ग्रहणाने किंवा तिच्या दुधाने तो होत नाही, आणि सहसा एका घरात तो दुसऱ्या मुलास होत नाही. अंगावरचे दूध स्वतःच्या मनाने कोणी तोडू नये. गळ्यात माळ घालणे, कावीळ उतरविणे यांत दिवस गेले तर ते परत येत नाहीत. त्याहून वाईट प्रकार डाग देण्याचा. पित्त आतड्यात न आल्याने स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, आणि त्यांबरोबर शरीरात जाणारे ‘के’ जीवनसत्त्वही कमी पडते. मग रक्त गोठत नाही. नाळेतून, नाकातून किंवा सुईच्या छिद्रातून रक्त वाहत राहिले, अंगावर निळसर डाग उठले, मूल एकाएकी सुस्त झाले, तर मेंदूतही रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी तास मोजावे लागतात.

जुन्या मंडळींच्या मनात ‘लिव्हर’ या शब्दाचे जे भय आहे, ते मात्र दुसऱ्याच रोगाचे. साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट वाढून ती दगावत; कित्येक घरांत अशी एकाहून अधिक मुले गेली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ साली दाखवून दिले की, अशा मुलांस तान्हेपणीच पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले दूध दिले जात होते, आणि दुधात उतरलेले तांबे यकृतात साठत होते. कल्हईविना पितळेत दूध ठेवण्याची चाल मोडली, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. ते संकट घरच्या भांड्यातून आले होते व घरूनच गेले. पित्तनलिकारोध तसा नव्हे. तो भांडी बदलून टळत नाही आणि वर्षाची वाटही पाहत नाही. ‘लिव्हर असेल तर मोठेपणी दिसेल’ ही समजूत पहिल्या रोगावरून दुसऱ्यास लावू नये.

उमरीकरांसाठी व्यवहाराचे थोडे. रक्त, लघवी व सोनोग्राफी एवढे नांदेडला होऊ शकते, विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया मात्र ज्या ठिकाणी बालशस्त्रवैद्य अशी कामे नेहमी करतात तेथेच व्हावी. इंग्लंडने १९९९ पासून ती तीनच केंद्रांपुरती ठेवली, ती याच अनुभवावरून. उमरीच्या स्टेशनावरून एका बाजूस धर्माबाद-निजामाबादवरून हैदराबाद आहे, दुसऱ्या बाजूस नांदेडवरून मुंबई. हैदराबादेस १९५३ पासूनचे निलोफर आणि मुंबईस परळला १९२९ पासूनचे बाई जेरबाई वाडिया ही मुलांची रुग्णालये आहेत. निघण्यापूर्वी नांदेडच्या डॉक्टरांकडून तेथे फोन करवून दिवस ठरवून घ्यावा, म्हणजे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आठवडा जात नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळतो का, हे तेथील आरोग्यमित्रांस विचारावे.

शस्त्रक्रियेने सर्वच बालके बरी होतात असे नाही. निम्म्याहून अधिकांत पित्त वाहू लागते. त्यांतीलही पुष्कळांना पुढे केव्हातरी यकृतारोपण लागते. लहान मुलांच्या यकृतारोपणाचे सर्वांत मोठे कारण हाच रोग होय. भारतात लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृतारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीस झाले, ते याच रोगाच्या वीस महिन्यांच्या बालकावर. पित्याने आपल्या यकृताचा भाग दिला, आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. दात्याचे यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढते, हे घरच्यांनी ध्यानी ठेवावे. लवकर झालेल्या शस्त्रक्रियेने आरोपण टळते किंवा निदान काही वर्षे पुढे जाते, आणि मोठ्या मुलास ते अधिक सोसते.

शस्त्रक्रियेनंतर मूल घरी आल्यावर ताप आला, किंवा पिवळी झालेली शी पुन्हा फिकी दिसू लागली, तर घरची औषधे न देता त्याच दिवशी रुग्णालयास कळवावे. जोडलेल्या वाटेने जंतू यकृतात चढल्याचे ते चिन्ह असते. आणि प्रवासास निघताना पिशवीत प्रसूतीच्या वेळचा कागद, ‘के’ जीवनसत्त्वाची सुई जन्मतः दिली होती की नाही याची नोंद, आजवरचे सर्व रक्ताचे अहवाल तारखेच्या क्रमाने, आणि घडी घातलेला तो न धुतलेला लंगोट एवढे असावे.